आईचं उन्हाळं

आई गेली त्या आठवड्यात शारजातल्या आमच्या फ्लॅटमध्ये माणसांची रीघ लागली होती. सोफा भिंतीला सरकवून सतरंजी अंथरली होती आणि मी चहाच्या फेऱ्या घालत होते. साठेकाका आले. साठेकाका म्हणजे बाबांचे हमरिया फ्री झोनमधल्या कंपनीतले जुने साहेब, आता पार वाकलेले. त्यांनी बाबांचा हात हातात घेतला आणि मग वातावरण जरा हलकं करावं म्हणून म्हणाले, "वहिनींना मात्र उन्हाळ्यावर जायची भारी हौस हो!" खोलीतले सगळे जुने लोक ओल्या डोळ्यांनी हसले. बाबासुद्धा हसले. मी उठले, आत गेले आणि चहाचं पातेलं सिंकमध्ये असं आदळलं की त्याचा काठ चेपला. अजून मी त्याच पातेल्यात चहा करते. सगळे म्हणतात, वर्ष उलटलं की दुःख निवळतं. दुःखाचं मला माहीत नाही. राग निवळलेला नाही, आणि तो निवळावा अशी माझी इच्छाही नाही. तेव्हा हे प्रकरण गोड होणार नाही, आधीच सांगून ठेवते.

आमची बिल्डिंग रोला भागात, मशिदीच्या अगदी शेजारी. पहाटेची अजान आणि आईचा मिक्सर हे माझे दोन गजर. मिक्सरमध्ये आंबोळीचं पीठ असायचं नाहीतर खोबऱ्याचं वाटण. खिडकीतला एसी जुना होता, तो सुरू होताना घसा खाकरल्यासारखा आवाज करायचा आणि मग दिवसभर घुरघुरत राहायचा. संध्याकाळी खालच्या बेकरीतून गरम खुबूस, म्हणजे अरबी रोट्या, यायचे आणि धाकटा ओमी ते जिन्यातच अर्धे संपवायचा. आई त्या खुबसाबरोबर कुळथाचं पिठलं वाढायची. बाबा पुण्याचे, सदाशिव पेठेतले. ते म्हणायचे, "सुजाता, ही काय अरब-कोकण युती केलीस!" पण खायचे मात्र बोटं चाटून. बाबा बोलायला फार गमतीदार होते, हे मान्य केलंच पाहिजे. मंडळाच्या गणपतीत सूत्रसंचालन त्यांचंच, कोणाच्या घरी जेवण असलं की शेवटी खुर्च्या गोल करून सगळे त्यांच्याभोवती बसायचे. आम्ही मुलं त्या गोलाबाहेर इंग्रजीत खिदळत असायचो आणि आई आत ताटं घासत असायची.

आईच्या पायांची कायम बोंब. लादी थंडगार, एसी बारा महिने, आणि दिवसभर उभं राहणं. टाचांना भेगा आणि गुडघे असे धरायचे की नमाजाच्या वेळी खाली रस्ता शांत झाला की तिच्या उठण्याबसण्याचा आवाज ऐकू यायचा. रोज संध्याकाळी ती बादलीत कडक पाणी आणि मूठभर मीठ घेऊन बाल्कनीत स्टुलावर बसायची आणि डोळे मिटायची. त्या वेळी तिला हाक मारलेली चालायची नाही. डोळे न उघडताच ती म्हणायची, "मला एकदा उन्हाळ्यावर जायचंय गो."

आता हा शब्द. आई संगमेश्वरच्या पलीकडच्या एका गावातली. तिच्याकडे जमिनीतून आपोआप येणाऱ्या गरम पाण्याच्या झऱ्याला उन्हाळं म्हणतात. ते उन्हाळं, त्या उन्हाळ्यावर. पुण्याच्या माणसाला हे कुठून ठाऊक असणार? लग्नानंतर पहिल्याच वर्षी, शारजात, भर जुलैत, आई बाबांना म्हणाली होती, "अहो, मला एकदा उन्हाळ्यावर न्या ना." आणि बाबांनी, त्यांच्याच शब्दांत सांगायचं तर, तिला हाताला धरून बाल्कनीत नेलं, बाहेरची धग दाखवली आणि म्हणाले, "हा घे! बारा महिने तुझाच!"

झालं. हा विनोद पुढे किती वर्षं चालला असेल? आमच्या घरी कोणी नवीन माणूस आलं की तो निघायचाच. त्याला फाटे फुटले. इथे उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाक्या तापून नळाचं थंड पाणीसुद्धा चटका देणारं येतं, आम्ही गिझर बंद करून त्यातलं पाणी गार म्हणून वापरायचो. तर बाबा मोरीतून ओरडायचे, "सुजाता, नळ सोड, आलं तुझं उन्हाळं!" पाहुणे हसायचे. आई पण हसायची, पदर तोंडाला लावून. मीही बरीच वर्षं समजत होते की आईला समर हवाय, आणि मला वाटायचं, माझी आई जरा वेडीच आहे. बाबांना खरा अर्थ माहीत नव्हता असं नाही हं. आईने पहिल्याच वर्षी समजावून सांगितला होता. माहीत असूनही त्यांनी विनोदच ठेवला, कारण विनोद चालत होता. माझा राग तिथून सुरू होतो.

मला तो अर्थ कळला तो एका दुपारी, मी आठवीत असताना. आई तांदूळ निवडत होती आणि मी समोर बसून होमवर्क करत होते. मी सहज विचारलं, "आई, व्हाय डू यू वॉन्ट मोअर समर?" ती माझ्याकडे बघतच राहिली. मग तिने ताट बाजूला ठेवलं आणि सांगितलं. भातकापणी झाली, अंग मोडून आलं की गावातल्या सगळ्या बायका मिळून एक दिवस उन्हाळ्यावर जायच्या. दगडी कुंड, वर वाफ, आणि कडेला जांभळीची झाडं. तांदूळ फडक्यात बांधून त्याची पुरचुंडी दोरीने सगळ्यात कढत कुंडात सोडायची. अंघोळी होईतो भात तयार. "शिजायचा का खरंच?" मी विचारलं. "अर्धाकच्चा," आई म्हणाली, "पण काय गोड लागायचा! मीठ आणि सुकटाची चटणी." आणि मग ती म्हणाली ते मी शब्दनशब्द सांगते. "त्या दिवशी बायका आधी. बापये बाहेर झाडाखाली गाठोड्यांपाशी बसायचे, पोरं सांभाळायचे. आम्ही पोटभर पाण्यात बसून आलो की मग ते. वर्षातून तो एक दिवस, पण कोणी हाक नाही मारायचं आम्हाला." हे सांगताना तिचा चेहरा इतका निराळा दिसला की मी गणित विसरून गेले.

त्यानंतर मी बाबांच्या विनोदाला हसले नाही. त्यांना ते कळलंही नाही, कारण बाकीचे हसत होते.

आणि मग एके दिवशी बाबाच ऑफिसमधून आले ते आनंदाने उड्या मारत. "शुक्रवारी सुट्टीला आउटिंग! साठेसाहेब आणि वहिनी पण येतायत. रास अल खैमाच्या बाजूला, डोंगराच्या पायथ्याशी नॅचरल हॉट स्प्रिंग्ज आहेत! पार्क आहे, लेडीज-जेन्ट्स सेपरेट पूल. साठेसाहेबांच्या मेहुण्याने फोटो टाकले होते ग्रुपवर." ओमी तेव्हा शाळेत ज्वालामुखीचं मॉडेल करत होता, बेकिंग सोडा आणि व्हिनेगरवालं. त्याने विचारलं, "इज देअर अ व्होल्केनो?" बाबांनी क्षणभरही न थांबता सांगितलं, "म्हणजे काय! ज्वालामुखी असल्याशिवाय पाणी गरम होतं का? काळे डोंगर आहेत बघ तिथे, सगळा लाव्हा." बाबांना 'माहीत नाही' हे दोन शब्द आयुष्यात कधी उच्चारता आले नाहीत. ओमी नाचायला लागला. मी आईकडे बघितलं. ती पोळी लाटत होती, लाटणं तसंच हातात. तिने हळूच विचारलं, "म्हणजे उन्हाळंच ना हो?" बाबा हसले आणि म्हणाले, "अगं हो की! लक्षातच आलं नाही माझ्या. चल, एकदाची तुझी हौस फिटू दे." एवढ्या वर्षांत त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं की साठेसाहेबांच्या मेहुण्याचं हॉट स्प्रिंग आणि बायकोचं उन्हाळं एकच. आणि हे त्यांनी किती सहज सांगून टाकलं!

आईने त्या गुरुवारी जे केलं ते मला विसरता येत नाही. ढोकळा, दहीभात, तिखटमिठाच्या पुऱ्या हे सगळं सगळ्यांसाठी होतंच. पण तिने कपाटातून स्वतःसाठी एक जुनी सुती साडी काढली, पाण्यात नेसायची म्हणून, धुऊन इस्त्री केली. पायांना खोबरेल लावून ठेवलं. आणि वाटीभर तांदूळ धुऊन, वाळवून, एका पांढऱ्या फडक्यात बांधले आणि त्याला लांब दोरी लावली. मी बघतेय हे लक्षात आल्यावर म्हणाली, "बाबांना सांगू नको हं. हसतील." आम्ही दोघी खुदकन हसलो. माझ्या आठवणीत माझं आणि आईचं असं चोरून केलेलं दुसरं काही नाही.

शुक्रवारी निघायचं होतं सकाळी आठला. साठे मंडळी दहाला आली. मग पेट्रोल पंपावर करक चहा, मग साठेकाकूंना हमरियाच्या पुढे समुद्र दिसला म्हणून फोटो, मग बाबांनी साठेकाकांना कंपनीचं नवीन गोडाऊन लांबून दाखवलं. साठेकाका पुढे, मागे काकूंसकट आम्ही चौघं दाटीवाटीने. आई ओमी आणि माझ्यामध्ये, मांडीवर पिशवी, आणि पिशवीत खाली ती पुरचुंडी. शहराबाहेर वाळू संपून डोंगर सुरू झाले तशी ती पुढे वाकून काचेतून बघायला लागली. डोंगर खरंच काळे-तपकिरी होते, एकही झाड नाही. "व्हेअर इज द लाव्हा?" ओमी सारखा विचारत होता. "आत आहे. झोपलाय," बाबा म्हणाले. बरं का, तिथे कसलाही ज्वालामुखी नाही, कधी नव्हता. हे मी नंतर वाचलं. पाणी खोलवरच्या खडकातून तापून वर येतं. त्या गाडीत जो काही ज्वालामुखी होता तो मागच्या सीटवर, दोन वेण्या घालून बसला होता.

पार्क म्हणजे खजुराची बाग, थोडी हिरवळ, बाक, आणि मध्ये दोन बैठ्या इमारती, एक बायकांची आणि एक पुरुषांची. बाहेर वेळेचा बोर्ड. बायकांचा पूल दुपारी दोनला बंद, मग पाणी सोडून साफसफाई. आम्ही पोचलो तेव्हा साडेबारा झाले होते. झाडाखाली चटई पसरली, डबे मांडले. आई कपड्यांची पिशवी काखेत मारून उभी राहिली. आणि साठेकाकू म्हणाल्या, "अय्या, पण हे सगळं सामान? माझी पर्स, फोन, बांगड्या... सामानापाशी कोणीतरी हवंच."

कोणीतरी. मला ह्या शब्दाचा आजही तिटकारा आहे. घरात 'कोणीतरी' म्हटलं की ते कोण, हे जगातल्या प्रत्येक आईला न सांगता कळतं. कोणीतरी दार उघडा, कोणीतरी दूध बघा, कोणीतरी आजारी माणसाजवळ थांबा. त्या चटईभोवती आम्ही सहाजण उभे होतो आणि पाच माणसांची मान एकाच दिशेला वळली. आई जरा हसली आणि म्हणाली, "आमच्याकडे बापये बसतात हो गाठोड्यांपाशी." विनोद म्हणूनच म्हणाली. पण मी तिचा हात बघत होते, त्या हाताने पिशवीचा बंद घट्ट धरला होता. साठेकाका खो खो हसले, "वा वहिनी! म्हणजे आम्ही गाठोडी!" आणि बाबा? बाबांना साहेबांसमोर बायकोसाठी चटईवर बसायची लाज वाटली. दुसरं काही नाही. लाज. ते म्हणाले, "अगं सुजाता, असं कर, तू जरा बस. अर्ध्या तासात मी येऊन बसतो. मग तू निवांत जाऊन ये." आईने लगेच मान हलवली. पिशवी खाली ठेवली. मी म्हणाले, "आय विल सिट." तर बाबा म्हणाले, "तू लहान आहेस, एकटी नाही बसायचं. काकूंबरोबर जा. मी येतोय ना अर्ध्या तासात? चला, यल्ला, यल्ला!"

ओमी बाबा-काकांबरोबर गेला आणि मी आत गेले. पांढऱ्या फरशांचा चौकोनी पूल, वर पत्र्याचं छप्पर, गंधकाचा मंद वास. जांभळीची झाडं नव्हती, वाफही फारशी नव्हती, पण पाणी खरं होतं. कडेच्या एका फटीतून ते बुडबुडे काढत येत होतं. एक म्हातारी अरब बाई काळ्या झग्यासकट पाण्यात बसली होती, डोळे मिटून, तंतोतंत बाल्कनीतल्या आईसारखी. पाण्यात पाय टाकल्याबरोबर मला कळलं की आई काय मागत होती. हाडापर्यंत जाणारं ऊन पाणी होतं ते. साठेकाकू "आहाहा" करत होत्या आणि मी दाराकडे बघत बसले. कधीही दार उघडेल आणि आई येईल, जुनी साडी नेसून, पदराखाली पुरचुंडी लपवून. दार उघडायचं आणि दुसरंच कोणी यायचं. एकदा मी उठायला लागले तर काकू म्हणाल्या, "अगं बस, तुझे बाबा म्हणालेत ना येतो म्हणून. येईल ती." शेवटी फिलिपिनो अटेंडंटने टाळ्या वाजवल्या, "लेडीज, फिनिश! क्लीनिंग टाइम!" आणि भिंतीजवळची झडप उघडली. पाणी ओढ घेऊन कमी व्हायला लागलं.

ओल्या केसांनी मी धावत बाहेर आले. आई चटईवर होती. तशीच. सगळे डबे रुमालाने झाकलेले, सगळ्यांच्या चपला ओळीत लावलेल्या, साठेकाकूंची पर्स मांडीवर. "बाबा आले नाहीत?" मी विचारलं. "येतील गो. साहेबांबरोबर आहेत. गप्पा रंगल्या असतील." बाबा दिसत होते की! पलीकडे चहाच्या टपरीशी, खांद्यावर टॉवेल, हातात कागदी कप, साठेकाका आणि अजून दोन अनोळखी माणसं त्यांच्याभोवती गोल करून. ते काहीतरी सांगत होते आणि सगळे हसत होते. ते काय सांगत होते ते मला इतक्या लांबूनही कळलं. हाताचा अभिनयच तो होता, बायकोला बाल्कनीत नेऊन धग दाखवण्याचा.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी आईच्या मांडीवरची पर्स उचलून चटईवर फेकली आणि तिला दंडाला धरून उठवलं. "चल." "अगो, सामान..." "सामान गेलं खड्ड्यात! चल!" मी तिला ओढत काउंटरपाशी नेलं. अटेंडंटला सांगितलं, फक्त पाच मिनिटं, माय मदर, शी केम ओन्ली फॉर धिस. ती बिचारी चांगली होती. तिने आत नेऊन दाखवलं. पूल रिकामा झाला होता. फरशीवर दोन पुरुष होजने पाणी मारत होते. "सॉरी मॅडम," ती म्हणाली, "खलास. टुमॉरो, इन्शाल्ला."

आईने रिकाम्या पुलाकडे पाहिलं. मग विचारलं, "ते पाणी जातं कुठे गं?" मी अटेंडंटला विचारलं. तिने मागच्या बागेकडे बोट केलं. इमारतीच्या मागे दगडी पाट होता आणि त्यातून ते पाणी खजुराच्या झाडांना जात होतं. आई तिथे गेली. काठावर बसली, साडी गुडघ्यापर्यंत घेतली आणि दोन्ही पाय पाटात सोडले. आम्ही सगळ्यांनी अंघोळ करून सोडलेलं पाणी ते. मी, साठेकाकू, कोण कोण. ते मला कळत होतं आणि तिलाही. "आई, डर्टी आहे ते," मी म्हणाले. "वाहतंय ना, मग झालं," ती म्हणाली. तिने कमरेला खोचलेली पुरचुंडी काढली. म्हणजे एवढा वेळ तिने ती पिशवीतून काढून जवळ ठेवली होती, बोलावणं आलं की उठायच्या तयारीत. तिने ती दोरीने पाण्यात सोडली, बोटांनी पाणी चाचपलं आणि हसली, "कोमट झालंय. भात नाही व्हायचा ह्यात." पण तिने ती तशीच धरून ठेवली आणि डोळे मिटले.

पाठीमागून गाडीचा हॉर्न वाजला. एकदा, दोनदा. मग बाबांची आरोळी, "सुजाता! यल्ला, ट्रॅफिक लागेल!" आईने पाय बाहेर काढले.

गाडीत बसताना बाबांनी आरशातून तिचा ओला काठ बघितला आणि खुशीत म्हणाले, "झालं ना तुझं उन्हाळं? आता पुढची पाच वर्षं नाव काढायचं नाही!" साठेकाका हसले. आणि मी ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा मी बाबांशी मराठीत भांडले. घरात मी कायम इंग्रजीत बोलणारी, पण त्या वेळी इंग्रजी तोंडात आलंच नाही. "नाही झालं! तुम्ही येतो म्हणालात आणि आला नाहीत! चहा पीत तिचीच टिंगल करत होतात! तिने सगळ्यांच्या चपला राखल्या आणि तुमचं घाण पाणी पायावर घेतलं! फिरवा गाडी! उद्या सकाळपर्यंत थांबू, पण फिरवा!" बाबांचे कान लाल झाले. साहेबांसमोर! ते म्हणाले, "रेवा, आवाज खाली." मी म्हणाले, "नाही करणार." आणि तेव्हा आईने माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हटलं, "गप गो बाये. झालं ते झालं."

मला बाबांपेक्षा त्या क्षणी आईचा जास्त राग आला, हेही लिहून टाकते. मी तिच्या बाजूने पेटून उठले होते आणि तिनेच माझ्यावर पाणी ओतलं. ते ओले तांदूळ तिच्या मांडीवर होते आणि साडीवर डाग पसरत चालला होता. ओमी कुजबुजला, "देअर वॉज नो व्होल्केनो." घरी आल्यावर तिने ते तांदूळ कुकरला लावले आणि बाबा तूप-मेतकूट घालून जेवले. "आज भात मऊ झालाय छान," म्हणाले.

पुढे जमलं नाही. 'जमलं नाही' म्हणजे काय, तर दर वेळी काहीतरी होतं. मी लायसन्स काढलं त्याच महिन्यात पहिल्या सुट्टीला आईला गाडीत घातलं आणि थेट तिथे नेलं. भोवती पत्रे लावले होते, आत दुरुस्ती चालू होती. वॉचमन म्हणाला, "नेक्स्ट इयर, इन्शाल्ला." आम्ही पत्र्याच्या फटीतून आत बघितलं आणि करक पिऊन परत आलो. ती दुरुस्ती संपायच्या आत आईच्या हृदयाचं दुखणं निघालं आणि डॉक्टरांनी गरम पाण्यात बसायला कायमची बंदी घातली. बादलीसुद्धा बंद झाली. बाबांनी विनोद मात्र बंद केला नाही. फक्त शेवट बदलला होता. आता ते शेवटी सांगायचे, "पण शेवटी नेलंच हं मी तिला!"

आता त्याच फ्लॅटमध्ये बाबा माझ्याकडे असतात, माझ्या व्हिसावर. ओमी कॅनडात. बाबांचेही गुडघे गेलेत. संध्याकाळी मी त्यांना बादलीत मीठ-पाणी करून देते, आईच्याच स्टुलावर, आईच्याच बाल्कनीत. मागच्या महिन्यात असेच बसले होते. खाली अजान चालू होती म्हणून आम्ही दोघं गप्प होतो. ती संपल्यावर, डोळे न उघडताच ते म्हणाले, "रेवा, मला एकदा उन्हाळ्यावर ने ना."

हॉट स्प्रिंग नाही म्हणाले. गरम पाण्याचे झरे नाही म्हणाले. आणि हसलेही नाहीत. मी कठड्यावर सुकत घातलेले टॉवेल काढत होते. माझ्या पोटातून जे आलं ते मी अडवलं नाही.

"नेते," मी म्हणाले, "पण सामानापाशी कोण बसणार?"

त्यांनी डोळे उघडले. बादलीतले पाय हलायचे थांबले. त्यांना काय आठवायचं ते आठवलं होतं, त्यांचे कान तसेच लाल झाले होते, त्या दिवशी गाडीत झाले होते तसे.

"मी बसतो की," बाबा म्हणाले. "तू निवांत जाऊन ये."

तेच वाक्य, जे आईला चटईवर बसवताना म्हणाले होते. मी टॉवेल घेऊन आत निघून आले आणि दार लावून घेतलं, कारण मला त्यांच्यावर ओरडायचं नव्हतं आणि मी ओरडले असते. ह्या वेळी ते खरंच बसले असते.